गालाचा कप्पा

टच्च! स्ट्रिपची चंदेरी पन्नी फोडून गोळी तळहातावर येते, तेव्हाचा तो इवलासा आवाज. आमच्या बोरिवलीच्या घरात संध्याकाळ होते ती त्याच आवाजाने. खिडकीच्या ग्रिलमधून आलेला मलूल उजेड बाबांच्या हातावर पडलेला असतो, आणि मी समोर पाण्याचा पेला धरून उभी असते.

अंधेरीच्या ऑफिसातलं माझं कामही गोळ्यांचंच. औषध शरीरात कसं फिरतं याचं गणित संगणक मांडतो, आणि त्याच्यासाठी माहितीचे तक्ते मी तयार करते. त्याच्या लेखी माणूस म्हणजे दोन-तीन कप्पे: पोटाचा आकडा एक, रक्ताचा दोन. डोस कुठे पडला, नमुना कुठून घेतला, हे सांगायला प्रत्येक ओळीत कप्प्याचा आकडा लिहायचा. रकाना कोरा राहिला, तर यंत्र आपलं ठरलेलं गृहीत धरतं: गोळी दिली, म्हणजे ती पोटात गेली. किती निःशंक, किती निर्मळ श्रद्धा ही! घरी मीही तीच बाळगून होते.

आई जाऊन वर्ष उलटलं, आणि मग ती बाबांना दिसू लागली. स्वयंपाकघरात तिच्याशी ते हळू आवाजात बोलत, तिच्यासाठी अर्धा कप चहा झाकून ठेवत. मला त्यात भयापेक्षा हेवाच अधिक वाटे. पण एके दुपारी ते तिला आणायला म्हणून निघाले आणि दहिसर चेकनाक्याला भर रहदारीत उभे सापडले. मग डॉक्टरांनी ही गोळी सुरू केली. गुण काही येईना. डोस वाढवू या, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात अनंताच्या रोपाच्या कुंडीतली माती उकरताना अर्धवट विरघळलेल्या गोळ्या माझ्या हाती लागल्या. बाबा गोळी गालात धरत, आणि माझी पाठ वळली की कुंडीत टाकत. गालाला आकडा कुठला द्यायचा?

मी विचारलं, तेव्हा त्यांनी उकरलेली माती बोटांनी सारखी केली. मग म्हणाले, "पहिले काही दिवस घेतली ना, तर ही यायचीच बंद झाली गं."

रस्ता खरा होता, भरधाव ट्रक खरे होते; आणि त्या अर्ध्या कपाभोवती गोळा होणारं त्यांचं उरलंसुरलं सुख, तेही खरंच होतं. दोन्ही सांभाळणारं औषध अजून कुणी शोधलेलं नाही. आता गोळी दिल्यावर मी त्यांना आ करायला सांगते, आणि ते मुकाट्याने करतात. मला स्वतःचा राग येतो.

औषध लागू पडलं. बाबा आता कुठे जात नाहीत. आजही पन्नी टच्च वाजली, गोळी पोटात गेली, गालाच्या आत मी नीट पाहून घेतलं. पेला परत देताना बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझी आई कुठे गेली गं?"

काय कुठे गेलं, हे लिहिण्याचाच मला पगार मिळतो. मी पेला विसळायला आत गेले. ओट्यावर एकच कप पालथा होता.