हलत्या हाताचं विमान

पहिलं वर्षभर मी दोष ट्रकांना दिला.

आमचं घर पांढरकवड्यात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. नागपूरहून हैदराबादकडे जाणारं लोखंड, सिमेंट, संत्री, सगळं आमच्या खिडकीची तावदानं वाजवून पुढे जातं. त्यामुळे चिमट्यात धरलेला गव्हाच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा जेव्हा थरथरायला लागला, तेव्हा मी टेबलाखाली वाकून बघितलं. टेबलाच्या पायांना जुन्या स्लिपरचे तुकडे कापून लावले. थरथर गेली नाही. मग टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. आठवडाभर सगळे त्याला अडखळून झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, आत्ता तर एकही ट्रक गेला नाही. तुमचाच हात हलून राह्यला."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चूक दाखवताना तिचा आवाज चढत नाही, खडूसारखा कोरडा होतो.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मला कागदावर आतून बाहेर गोल गोल रेघ काढायला लावली, डासांच्या अगरबत्तीसारखी. माझी अगरबत्ती पावसात भिजलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, हा नुसता कंप आहे, जिवाला धोका नाही. पण वर्षागणिक थोडा थोडा वाढत जाईल. गोळ्या गरज पडली तर पुढे बघू. सध्या चहा सोडा.

परत येताना एस. टी.त मी जिवाचा विचार केलाच नाही. मला आठवत होता कपाटावरचा खोका.

इथे थोडं सांगावं लागेल. मी पन्नाशी उलटलेला सरकारी बाबू आहे आणि फावल्या वेळात जपानी रणगाडे बनवतो. खरे नाही हो, दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. "आपल्या इंडियाचं काहून नाही बनवत?" हा प्रश्न मला घरी, दारी आणि सलूनमध्ये विचारला जातो. खरं उत्तर असं की माझा पहिला खोका परदेशातल्या मावसभावाने दिला होता आणि त्यात जपानी रणगाडा निघाला. त्यात जर्मन निघाला असता तर मी जर्मनांच्या मागे लागलो असतो. युद्धाचं मला कौतुक नाही. आमच्याकडे कोंबडी आणतानासुद्धा मी दुकानाबाहेर उभा राहतो. पण एखादी वस्तू माणसांनी कशी जोडली होती, कुठला पत्रा कुठल्या पत्र्यावर चढला होता, कुठे रिवेट मारला होता, हे हाताने पुन्हा करून बघण्यात जे सुख आहे ते मला फाइलीत कधी मिळालं नाही.

रणगाडे मी बरेच केले. रणगाड्याचं बरं असतं, चूक झाली की तिथे चिखल लावायचा. माझ्या रणगाड्यांवर एवढा चिखल आहे की ते मुकुटबनच्या एखाद्या शेतातून भर पावसाळ्यात काढल्यासारखे वाटतात. विमानाला चिखल लावता येत नाही. विमान स्वच्छ, गुळगुळीत, एका रंगाचं, आणि प्रत्येक चूक पाहुण्यासारखी समोर येऊन बसणार. म्हणून 'झिरो' नावाच्या जपानी लढाऊ विमानाचा तो खोका मी कित्येक वर्षं कपाटावर ठेवून दिला होता. हात बसला की करू, म्हणत होतो. आता हात बसायच्या ऐवजी उठून चालला होता.

घरी पोचल्यावर खोका खाली काढला, धूळ झटकली आणि बायकोला सांगितलं, "हे यंदाच करणार. दसऱ्याच्या आत."

"बरं," ती म्हणाली. "आधी चहा घ्या."

"चहा सोडला."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितलं.

वऱ्हाडात माणसाने दारू सोडली तर त्याचं कौतुक होतं, चहा सोडला तर चौकशी. ऑफिसात बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "भाऊ, आपल्यावर काही नाराजी हाय का? कोणी काही बोललं काय?" मी म्हटलं, हाताला कंप आहे, डॉक्टरने सोडायला लावला. "हात्तिच्या! मंग बशीत घेत जा ना." साहेबांनी तर पुढच्या मीटिंगमध्ये माझ्याकडे बघून चहा परत पाठवला. त्यांना वाटलं, मी काहीतरी निषेध करतोय.

पण फरक पडला. सकाळी अंघोळीनंतर, पोटात फक्त पाणी असताना, हात तासभर माझं ऐकायचा. तोच माझा तास. पायलटच्या बसायच्या जागेतली घड्याळं मी त्या तासांत रंगवली. मोहरीएवढी तबकडी, तिच्यावर पांढरा काटा. तासभर काम आणि मग दिवसभर ऑफिस. धडाचे दोन अर्धे भाग जोडले, फट राहिली, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, फट पुन्हा दिसली, पुन्हा भरली. पूर्वीचा मी असतो तर तिसऱ्या वेळी खोका कपाटावर गेला असता. या वेळी मी सहाव्यांदा भरली.

मे महिन्यात मात्र अक्कल गहाण पडली. बाहेर झाडाच्या सावलीलाही सावली हवी होती. मी एअरब्रशच्या बारीक फवाऱ्याने राखाडी रंग मारला आणि तो फार सुंदर बसला. मग वरून संरक्षक लेप मारायचा होता. उकाड्याने जीव चालला म्हणून मी विमान घेऊन थेट कूलरसमोर बसलो. कूलरची ओली हवा आणि तो लेप यांचं काय वैर आहे ते मला पाच मिनिटांत कळलं. सगळं विमान पांढुरकं झालं. बायको डोकावून म्हणाली, "याच्यावर साय कायची आली?"

ती साय काढायला मला दोन आठवडे लागले. कूलर बंद, पंखा बंद, अंगावर बनियन तेवढा, आणि पातळ थिनरचा हलका फवारा. घाम पंखावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला होता. शेजारचे काका खिडकीतून बघून म्हणाले, "काहो, घरी भट्टी लावली काय?" मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर घाम पडला असता.

साय गेली. पावसाळ्यात पायलटच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाच्या बारीक पट्ट्या रंगवल्या, अठ्ठावीस की तीस, मोजायचं सोडून दिलं. मग डिकल. ही कागदावरची पातळ चित्रं असतात, पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची. जपानी विमानावर असतो लाल गोल, त्यांचा सूर्य. माझ्या विमानावर असे सहा होते. पंखावरचे दोन सगळ्यांत मोठे, जुन्या आठ आण्याएवढे. ते बसवताना मी श्वासच घेतला नाही. नवरात्रीच्या सातव्या माळेला विमान पूर्ण झालं. मी ते टेबलावर ठेवलं, दार लोटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं. मला माझ्या लेकीचा जन्म आठवला, हे बायकोला सांगायचं धाडस केलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा म्हणजे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा. विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, फटफटी, हल्ली लेकीचा जुना लॅपटॉपसुद्धा. पूजा करतात माझे बाबा. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, आणि कामात अतिशय काटेकोर. मी अंघोळ करून आलो तोवर घरात झेंडूचा वास होता आणि बाबा ताट घेऊन माझ्या खोलीतून बाहेर येत होते.

"ते विमानही केलं बरं," ते म्हणाले.

मी धावलो. विमानाच्या नाकावर झेंडूची पाकळी होती. उजव्या पंखावरच्या लाल गोलावर, बरोबर मधोमध, हळदीचं ओलं बोट आणि वर कुंकू.

"बाबा! पंखावर कायले लावलं?"

"तिथं आधीच कुंकू लावलेलं होतं ना," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हंतलं, जागा तुनच ठरवून ठेवली असन. म्या त्याच्यावरच लावलं, इकडे तिकडे नाही सांडू देल्लं."

यात बाबांची काय चूक? गोल पाहून वऱ्हाडातला कुठला माणूस दुसरं काही समजला असता? ओल्या कापडाने ते बहुतेक निघालंही असतं. पण हळदीचा डाग म्हटल्यावर माझी बुद्धी उडाली. हाताला लागली ती थिनरची बाटली. कापूस भिजवून मी दोनदा चोळलं आणि हळदीबरोबर सूर्यही गेला. गोलाच्या जागी गुलाबी फराटा राहिला आणि कापसावर सगळा जपान.

बायको दारात होती. पुढे येऊन तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

दुपारभर फोनवर चौकशी केली. आमचा मॉडेलवाल्यांचा एक ग्रुप आहे, देशभर पसरलेली थोडी वेडी माणसं. ते म्हणाले, हा खोका आता बनत नाही, सुटं डिकल बाहेरून मागवावं लागेल, दोन-तीन महिने धर. म्हणजे पौष. डिकल येईलही, पण तोवर माझा हात कुठे असेल? मागच्या आठवड्यातच सही करताना माझं आडनाव लांबलं होतं. सूर्य आता हातानेच रंगवायचा होता. कंप असलेल्या माणसाने काढायची वस्तू म्हणजे नेमकं वर्तुळ!

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर बाबा खोलीत आले. मी टेबलापाशी बसून रद्दीवर वर्तुळं काढत होतो. सगळी बटाट्यासारखी येत होती.

"पुसलं म्हणून रागावले काय?" मी विचारलं.

"कायले रागावू? फटफटीवरचं तर दुसऱ्या दिवशी तू धुतच असतं." त्यांनी माझे बटाटे उचलून बघितले. मग माझा हात. "कवापासून?"

मी सगळं सांगितलं. ट्रक, डॉक्टर, चहा. त्यांना आतापर्यंत सांगितलं नव्हतं.

बाबा खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी आपला उजवा हात माझ्या हाताशेजारी हवेत धरला. दोन्ही हलत होते, एकाच तालात. "चाळीस वर्सं असाच हालते," ते म्हणाले. "नकाशे काढले म्या या हातानं. झरी जामणीच्या जंगलातली गावं मोजली. कोणाले समजलं?"

मला नव्हतं समजलं. बाबा आयुष्यभर अर्धा कप चहा घेत आले, आम्हाला वाटायचं सवय. स्टीलचं जाडजूड घड्याळ उजव्या हातात घालत आले, आम्हाला वाटायचं ऐट.

"हे घाल." त्यांनी तेच घड्याळ काढून माझ्या मनगटावर चढवलं. "वजन लागते हाताले. कोपर टेकव. करंगळी आधी टेकव, मंग बाकी बोटं. आन् थांब म्हणून त्याच्या अंगावर नको येऊ. जास्तच हालते मंग."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"नोकरी गेली असती ना बे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका सुट्या काचेवर चिकटपट्टी लावली. बाबांच्या कंपासात शिशाच्या जागी ब्लेडचं टोक बांधलं आणि गोल कापला. तिसऱ्या प्रयत्नात कडा जुळल्या. त्या भोकाची पट्टी पंखावर बसवली, लाल रंगात तपकिरीचा थेंब टाकून डाव्या पंखावरच्या सूर्याशी जुळवला आणि पातळ पातळ फवारे मारले, मध्ये वाळू देत. सात दिवस, सात सकाळी. शेवटच्या दिवशी पट्टी काढायला बाबा भिंग घेऊन हजर होते. बायको शाळेत जायला निघालेली, पण पर्स खांद्याला लावून दारातच थांबली.

पट्टी हळूच सोलली. सूर्य होता. गोल होता. फक्त एका बाजूला रंग केसभर पट्टीखाली झिरपला होता.

बाबांनी भिंगातून बराच वेळ मोजणी केली. "ईशान्येले हद्द सरकली."

"चालते का?"

"आमच्या खात्यात चालली असती. तुले चालते का, सांग."

"नाही चालत."

"मंग बस खाली."

"अहो, पावणेदहा झाले," बायको म्हणाली. "साहेब काय म्हणतीन?"

"त्यांना फोन करून सांग, अर्धी रजा टाकतो आज."

"काय कारण सांगू?"

"खरं सांग."

ती हसली आणि फोन काढला. मी सगळ्यांत बारीक ब्रश राखाडीत बुडवला, कपाच्या काठावर निथळला, कोपर टेकवलं, पंखाच्या कडेला करंगळी टेकवली आणि लाल रेघेबाहेर गेलेला तो केस भरायला घेतला.