बाळकुम नाक्याचा गोपनीय रिपोर्ट

"मॅडम, तुमीच ते टिकटिक करत उभ्या होतात ना आमच्या नाक्यावर? मंग ते कागद कुठं हायत?"

म्हात्रेबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. बाई बाळकुमच्या जुन्या गावातल्या. त्यांची बालवाडी रस्त्याच्या पलीकडे, नव्या कॉम्प्लेक्सच्या मागे. गावातली पोरं हाताला धरून त्या रोज रस्ता ओलांडायच्या. आता तो रस्ता रुंद होणार होता. नकाशा हरकतींसाठी लावलेला, मुदत शुक्रवारपर्यंत. नकाशात मधोमध लोखंडी रेलिंग होतं आणि ओलांडायला जागा कुठेच नव्हती. बाई हरकत घ्यायला गेल्या तर त्यांना सांगितलं, पुरावा आणा.

पुरावा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता.

मी रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका ऑफिसात वाहतूक अभियंता होते. चार वर्षांपूर्वी त्या नाक्यावर आम्ही पादचारी सर्व्हे केलेला. म्हणजे हातात काउंटर घेऊन उन्हात उभं राहायचं आणि माणूस रस्ता ओलांडायला लागला की बटण दाबायचं. जोडीला गॅप मोजायचा, म्हणजे दोन गाड्यांच्या मध्ये किती सेकंद मोकळे मिळतात ते. धडधाकट माणूस तेवढ्यात पळतो. लहान पोरं आणि म्हातारी माणसं मध्येच अडकतात. आम्ही स्पष्ट लिहिलेलं, इथे पादचाऱ्यांसाठी सिग्नल द्या आणि रस्त्याच्या मध्यावर थांबायला सुरक्षित जागा ठेवा.

मग नकाशा करणाऱ्यांनी हे वाचलं कसं नाही? कारण रिपोर्टवर 'गोपनीय' छापलेलं होतं. आणि तो प्रताप माझाच.

रिपोर्ट बांधायच्या वेळी स्टेशनरीतली साधी कव्हरं संपलेली. कर्मचाऱ्यांच्या चौकशीसाठी छापून आणलेली जाड निळी कव्हरं मात्र गठ्ठ्यानं पडून होती, त्यांच्यावर ठळक 'गोपनीय'. मी म्हटलं, कशाला वाया घालवा? दिला बांधून. रजिस्टर लिहिणाऱ्यानं आतलं पान काही उलटलं नाही, कव्हर बघून शेऱ्यात 'गोपनीय' लिहिलं. तेव्हापासून रिपोर्ट कुलपात. नकाशा करणाऱ्या कन्सल्टंटनं जुन्या अभ्यासांची यादी मागितली तेव्हा त्या यादीत हा नव्हता, कारण गोपनीय कागद यादीत घालत नाहीत.

मी आमच्या साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"गोपनीय करायचा आदेश कुठाय?"

"आदेश नाहीच साहेब. नुसतं कव्हर आहे."

"मग मी रद्द काय करू?"

वर नोट पाठवा म्हणाले. पाठवली. ती विधी शाखेत गेली आणि 'अभिप्रायार्थ' असा शिक्का घेऊन माझ्याच टेबलावर परत आली. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर महिना जाणार. दरम्यान मी नेटवर शोधलं. सर्व्हेला मदत केलेल्या प्राध्यापकांनी आमच्याच आकड्यांवर परदेशी जर्नलमध्ये लेख लिहिलेला. पहिला परिच्छेद फुकट, पुढचं वाचायला डॉलर भरा. साहेब म्हणाले, असल्या खर्चाला आपल्याकडे बजेटचं हेडच नाही. बाळकुमची माणसं मी उन्हात मोजायची आणि त्यांच्याबद्दल वाचायचं परदेशातल्यांनी. असा संताप झाला.

शुक्रवारी बाई परत आल्या. मी म्हटलं, नोट फिरतेय. खरं सांगते, कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पण निवृत्तीला सात महिने राहिलेले आणि मला मेमो नको होता. हे लिहिताना लाज वाटते. बाईंनी गावातल्या लोकांच्या सह्या अर्जाला जोडल्या आणि गेल्या. हरकत पुराव्याअभावी फेटाळली गेली.

रस्ता झाला, रेलिंग बसलं. महिन्याभरात लोकांनी त्याचे दोन गज वाकवून वाट केली. करणारच, जाणार कुठून? त्याच वाटेतून एका सकाळी पोरांना नेताना टेम्पोनं बाईंना उडवलं. हातातल्या पोराला त्यांनी पुढे ढकललं, ते वाचलं. बाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बालवाडी बंद झाली.

मग ऑफिसला जाग आली आणि नवा सर्व्हे निघाला. मी तोवर निवृत्त होऊन डोंबिवलीला घरी बसलेले. माझ्या जागी आलेल्या मॅडमनी फोन करून विचारलं, तिथलं जुनं काही आहे का? मी कपाट, खण, निळं कव्हर, सगळं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा परत फोन आला.

"मॅडम, ते गोपनीय आहे. मला काढून देत नाहीत."

त्यांनी पुन्हा उन्हात उभं राहून माणसं मोजली. नव्या रिपोर्टमध्ये तेच आलं, पादचारी सिग्नल आणि मध्यावर थांबायला जागा.

नोकरीभर मी धरून चालले की अभ्यास नीट केला की आपलं काम संपलं. तो ज्याला लागतो त्याच्या हातात पडला नाही, तर केला काय नि नाही केला काय. आमच्या ऑफिसच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्या शुक्रवारी ते उघडं होतं.