शेगडीची बटणं

सन दोन हजार सहा. माझं वय तेव्हा सत्तर. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. असू देत. कुणाकडून दुरुस्त करून घेणार नाही.

त्या साली मी इंग्लंडात, मिल्टन कीन्सला मुलाच्या घरी राहत होतो. त्याआधी तीस वर्षं ग्लासगोत, एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम केलं. त्याच्याही आधी जहाजावर स्वयंपाकी होतो. भर वादळात, टोप दोरीने बांधून, साठ माणसांचा भात शिजवलेला माणूस आहे मी. बायको गेली तेव्हा मुलगा गाडी घेऊन ग्लासगोला आला आणि म्हणाला, "बाबा, चला आता. घर तुमचंच आहे."

घर माझंच होतं. शेगडी तेवढी माझी नव्हती.

झालं असं. एके दुपारी मी सुके बोंबील तव्यावर टाकले आणि जरा मागच्या दारी गेलो. वासाने शेजाऱ्यांचं मांजर आलं होतं, त्याच्याशी बोलत बसलो. आत धुराचा अलार्म किंचाळायला लागला. सूनबाई वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. ती धावत खाली आली, तवा उचलून सिंकमध्ये टाकला आणि हात भाजून घेतला. मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नळाखाली हात धरून नुसती रडत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर शेगडीची चारही बटणं गायब. इथल्या शेगडीची बटणं ओढली की हातात येतात. मुलाने ती काढून सूनबाईकडे दिली होती. तिने स्वयंपाकाच्या वेळी आणायची, लावायची, झालं की काढून न्यायची.

"बाबा, इट्स नॉट अबाउट ट्रस्ट," मुलगा म्हणाला. "सेफ्टीचा प्रश्न आहे."

माझ्यासाठी रोज सकाळी थर्मास भरलेला असायचा. चहा चांगला करते ती, ते कबूल. पण स्वयंपाक्याने थर्मासमधला चहा प्यायचा म्हणजे नावाड्याने बसने नदी ओलांडण्यासारखं आहे.

घरी बसवेना म्हणून मी फिरायला लागलो. आमच्या घरामागून लाल डांबराची, सायकलवाल्यांची वाट जाते, तिला रेडवे म्हणतात. तिथल्या बाकावर मला माझ्याच वयाचा एक आडव्या अंगाचा, सावळा माणूस भेटला. पॅसिफिक समुद्रातल्या एका बेटाचा. तरुणपणी जहाजावर इंजिनात होता, आता नर्स असलेल्या लेकीकडे राहत होता. दर्यावर्दी माणसांना ओळख व्हायला वेळ लागत नाही. तो मला 'कुक' म्हणायचा आणि मी त्याला 'बेटकर'. दोघांचं इंग्रजी जहाजावरचं, त्यामुळे एकमेकांचं बरोबर कळायचं.

एक दिवस तो म्हणाला, "आमच्याकडे मतदान आहे, कुक. आपला कारभार आपण करायचा, की आहे तसंच राहायचं."

"त्यात विचारायचं काय?" मी म्हटलं. "आमच्या लोकांनी तुरुंग भरले, तेव्हा कुठे साहेब गेला."

"आमचा साहेबच विचारतोय. घ्या म्हणतो तुमचा कारभार. आमचेच लोक म्हणतात, थांब जरा, घाई काय आहे?"

मी इतका हसलो की एक सायकलवाली वळून बघायला लागली. "म्हणजे पाहुणा उठतो म्हणतोय, आणि यजमान त्याच्या चपला लपवतोय!"

तोही हसला. मग त्याने समजावून सांगितलं. त्यांचा मुलूख म्हणजे समुद्रात टाकलेल्या दोन-तीन बांगड्या. विमान उतरायला जागा नाही, मतपेटीसुद्धा बोटीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणार. राज्य दूरच्या एका मोठ्या देशाचं. मतदान जिंकलं तरी त्या देशाची मदत चालूच राहणार होती, तसं लिहून देणार होते. फक्त निर्णय यांचे यांनी घ्यायचे.

"मग सरळ सांग ना, वेगळी चूल," मी म्हटलं. "आमच्या कोकणात भाऊ वेगळे होतात तेव्हा घर एक, विहीर एक, गणपती एक. फक्त चुली दोन."

त्याला ते फार आवडलं. "हां, वेगळी चूल. तुमच्या घरी झाली होती?"

"झाली होती. मी लहान होतो."

"मग कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हटलं आणि विषय बदलला.

त्याला स्वतःला मत नव्हतं. जो तिथे राहतो त्यालाच मत. बेटावर त्याचा थोरला भाऊ होता, आणि भाऊ 'नाही' म्हणेल अशी याला धास्ती. "मला मरायच्या आधी आपलं राज्य बघायचंय, कुक," म्हणायचा.

त्याच्या मतदानाने माझ्या डोक्यात किडा सोडला. मी दुकानातून एक विजेची शेगडी आणली, गॅरेजमध्ये ठेवली आणि रात्री जेवताना जाहीर केलं, "मला गॅरेजमध्ये वेगळी चूल पाहिजे. माझा चहा, माझी मासळी मी करीन. घरात मतदान घ्या. हरलो तर जन्मभर मुकाट्याने थर्मास पिईन."

"बाबा, हे काय नवीन?" मुलगा म्हणाला.

"आजोबा, मला पण वोट आहे?" नात म्हणाली. नऊ वर्षांची होती.

"आहे."

"येस्स!"

मुलाला हसू आवरेना. "ठीक आहे. पण तुमच्या बेटकरांच्या मतदानाचा रूल लावायचा, मी नेटवर वाचलाय. तीनातली दोन मतं हवीत. म्हणजे चौघांत तीन."

"लाव."

सूनबाई ताटाकडे बघत एवढंच म्हणाली, "गॅरेजमध्ये हीटिंग नाहीये, बाबा."

"शेगडी हेच हीटिंग," मी म्हटलं. बेटाचा निकाल लागेल त्या संध्याकाळी घरचं मतदान, असं ठरलं.

निकालाच्या दिवशी मी बेटकरकडे पेढे घेऊन गेलो. निकालाआधी पेढे आणायचे नसतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मला खात्री होती. आपलं राज्य नको असं कोण म्हणेल?

फोन आला. तो त्याच्या भाषेत बोलला, बराच वेळ नुसता ऐकत राहिला, मग फोन ठेवला.

"जास्त लोक 'हो' म्हणाले," तो म्हणाला. मी पेढा त्याच्या तोंडापुढे धरला. "पण पुरेसे नाहीत. तीनातले दोन हवे होते. थोडक्यात राहिलं."

नियम मला ठाऊक होता, तरी माझं डोकंच फिरलं. "जास्त म्हणाले म्हणजे जिंकलात! आमच्या गावात एका मताने सरपंच होतो!"

"सरपंच पुढच्या वेळी बदलता येतो, कुक. हे एकदा झालं की झालं."

"आणि भाऊ?"

"नाही म्हणाला. आपणहून सांगितलं मला. म्हणतो, कारभाराला मी भीत नाही, तो आम्ही करतोच आहोत. पण लांबच्या माणसाला एकदा वाटलं की यांचं यांना निभावतं, की पुढच्या वादळाला तो चौकशीसुद्धा करणार नाही. लिहून दिलं तरी चौकशी कागदावर येत नसते, म्हणतो."

"भित्रा आहे तुझा भाऊ."

तो रागावला नाही. म्हणाला, "आमच्या बेटावर मासळी आली की किनाऱ्यावर मांडून घरटी वाटे करतात. जो समुद्रावर गेला नाही त्यालाही वाटा. चाळीस वर्षं झाली मला बेट सोडून. भाऊ अजून माझा वाटा वेगळा काढतो आणि शेजारच्या म्हातारीला नेऊन देतो. त्याला मी भित्रा कसं म्हणू?" मग त्याने माझ्या हातातला पेढा घेतला आणि खाल्ला. "पुन्हा विचारतील. विचारू देत. गोड आहे हे."

रेडवेवरून घरी येताना मला आमच्या घरची वेगळी चूल आठवली. बेटकरला मी 'चांगलं झालं' म्हणालो होतो, ते वडिलांच्या नि काकांच्या बाजूने. भांडणं थांबली हे खरं. पण तोवर रोज तव्यावरची पहिली भाकरी काकू मला द्यायची. चुली वेगळ्या झाल्यावर मी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचो. ती माझ्याकडे बघायची आणि मान वळवायची. दिली तर माझ्या आईला वाटायचं, माझं पोर उपाशी दिसलं हिला. दोघींपैकी कुणी वाईट नव्हती. माझी भाकरी मात्र गेली ती गेलीच.

आणि सूनबाई. रोज दुपारी दोन कॉलच्या मधे जिन्यावरून वाकून विचारायची, "बाबा, चहा संपला का? अजून करू?" गॅरेजमध्ये माझी चूल पेटली, तर विचारणार कशाला?

जेवणं झाल्यावर मतदान झालं. पोह्यांचा रिकामा डबा ही मतपेटी. प्रत्येकाने कोपऱ्यात जाऊन चिठ्ठी लिहिली, घडी घालून टाकली. मोजणीला नात.

"येस," ती ओरडली. "येस." तिसरीही "येस!" मुलाने टाळी वाजवली. मी सूनबाईकडे बघितलं, ती टेबलावरचे न सांडलेले कण पुसत होती.

चौथी चिठ्ठी नातीने उघडली, उलटी धरली, सुलटी धरली. "हे काय आहे? ड्रॉइंग आहे?"

दोघं तिच्या खांद्यावरून वाकली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या तिघांनी इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत लिहिणारा घरात मी एकटा. 'नको' असं ठळक, तिसरीतल्या अक्षरात लिहिलेलं.

"बाबा, तुम्ही तुमच्याच विरोधात?" मुलगा म्हणाला.

"मतदान गुप्त असतं," मी म्हटलं. "कुणाचं मत ते विचारायचं नाही."

"पण आजोबा, वी ऑल नो!"

सूनबाई हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. भाजल्याचा डाग अजून होता तिच्या हातावर. "मी गॅरेजसाठी हीटर ऑर्डर केला, बाबा," ती म्हणाली. "उद्या येतोय. आणि तुम्ही नको म्हणताय?"

"हीटरबद्दल नाही," मी म्हटलं. " तिथे बसलो तर तू जिन्यावरून वाकून विचारशील ते मला ऐकू यायचं नाही."

नातीने चारही चिठ्ठ्या डब्यात भरून झाकण लावलं.

"पण तुम्ही जिंकलात, बाबा," मुलगा म्हणाला. "तीनास एक. गॅरेज तुमचं."

"जिंकलो तर जिंकलो. जाणार नाही."

"काय हट्टी माणूस आहे!"

"आत्ता कळलं?" मी म्हटलं आणि झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर शेगडीची चारही बटणं जागेवर होती. मी आलं ठेचलं, आधण ठेवलं. सूनबाई खाली आली, शेगडीकडे न बघता टेबलाशी बसली. चहा उतू जायला आला तेव्हा तिचा हात टेबलावरून जरा उचलला गेला, मी गॅस बारीक केला, तसा परत खाली गेला. मी तिच्यापुढे कप ठेवला.

"साखर जास्त झालीय, बाबा."

"जहाजावर अशीच असते."

तिने सगळा प्यायला. उरलेला मी थर्मासमध्ये भरला, पेढ्यांतले दोन कागदात बांधले, गॅस बंद आहे ना ते पाहिलं, दारापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा पाहिलं, आणि टोपी घालून बेटकरकडे गेलो.