कफनाला लागलेला गुलाल

ती घटना मला आजही लख्ख आठवते. इंग्रजी अंमल होता आणि मी निपाणीला फौजदार होतो.

गावात एक नास्तिक मास्तर होते, तंबाखूची वखार असलेल्या मराठा घरातले. बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून देवाधर्मावर बोलायचे. सत्यनारायणाची टर उडवली तेव्हा शेणाचे गोळे खाल्ले, जैनांच्या उपासांवर बोलले तेव्हा शिव्या खाल्ल्या. बेळगावच्या कॅम्पात जाऊन पाद्र्याशीही भांडून आले. मग त्यांनी जाहीर केलं, पुढच्या बाजारी इस्लामवर बोलणार. तेव्हा शेण मारणारेच हार घेऊन त्यांच्या दारात हजर झाले! मास्तरांनी त्यांना हाकललं.

"तुमच्या देवाला जे माप लावलं, तेच त्यांच्या देवाला. जास्त न्हाई, कमी न्हाई. मी तुमचा भाड्याचा भोंगा न्हाई."

दोनच दिवसांनी सकाळी त्यांचे थोरले भाऊ धापा टाकत ठाण्यात आले. दारात पांढऱ्या कोऱ्या कापडाची घडी सापडली होती, हिरव्या फितीने बांधलेली, आत सुरी. कफनच ते. आम्ही पंचनामा करून येईपर्यंत गावभर बोभाटा झाला होता. दुपारी खबऱ्याने सांगितलं, तंबाखूच्या वखारींत काठ्या जमा होतायत आणि मशिदीच्या गल्लीतून बायकापोरं सदलग्याला पाहुण्यांकडे निघालीत. मी हादरलो. असल्या भाषणांपायी दूरच्या शहरांत खून पडल्याचं वाचलं होतं, आणि माझे शिपाई बोटांवर मोजण्याइतके.

या भाषणावरून मास्तरांशी हुज्जत घातलेले, कापूस पिंजणारे दोघे मुसलमान पिंजारी भाऊ संशयावरून आणले. दरडावून पाहिलं, पण जबानी बदलली नाही.

"राग हाय सायब, खोटं कशाला बोलू? पर ते कापड आमचं न्हाई," थोरला म्हणाला.

संध्याकाळी मुद्देमाल नीट बघावा म्हणून कापडाची घडी पूर्ण उलगडली. आतून गुलाल सांडला आणि माझी बोटं लाल झाली. प्रेतावर गुलाल उधळतात तो आपल्यात. मुसलमानांच्या मयताला कापूर लावतात, अत्तर लावतात, गुलाल कधीच नाही. घडी घालणाऱ्याला गुलालाशिवाय कफन सुचलंच नव्हतं. हात सवयीने डब्याकडे गेला असणार.

शेण मारणाऱ्यांना आता मास्तर जिवंत आणि बोलता हवा होता. त्याला गप्प करायची घाई घरच्यांशिवाय कुणाला? मी मास्तरांच्या थोरल्या भावाला बोलावलं. आवाज चढवला नाही.

"या दोघांना उद्या चिकोडीला कोर्टात उभं करतो. तुमची साक्ष लागेल."

त्यांनी कोठडीकडे पाहिलं. आत धाकटा पिंजारी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. यांचा चेहरा पडला.

"त्यास्नी सोडा, सायब. म्याच केलं ते."

"सख्ख्या भावाच्या दारात कफन ठेवलंत?"

"आपल्या लोकांनी शेण मारलं तर अंग धुता येतंय. हितं जीवच जाईल असं वाटलं. भिऊन गप बसंल म्हणून केलं हो!" एवढं बोलून तो दांडगा गडी हुंदके देऊन रडू लागला.

मास्तरांना बोलावून सगळं सांगितलं. ते भावाकडे वळले.

"अण्णा, मशिदीकडची माणसं काय करत्यात ते बघायला तरी थांबायचंस."

दोघा पिंजाऱ्यांना सोडलं. भाषण रद्द करा म्हणून मी मास्तरांची विनवणी केली.

"आता गप बसलो तर गावाच्या लेखी हीच दोघं गुन्हेगार," ते म्हणाले.

बाजारात मास्तरांनी आधी आपल्याच घरची गोष्ट सांगितली. कापड कुणी ठेवलं आणि का ठेवलं, काही झाकलं नाही. मग मूळ विषयाला हात घातला. शेवटी मशिदीचे म्हातारे मुल्ला रागाने काठी आपटत उठले.

"मास्तर, समदं चुकीचं बोललासा. फुडल्या बाजारी मी जवाब देणार. तुमीबी यायाचं!" आणि काठी टेकत निघून गेले.

धमकी दिसली की ती देणारा मनात आधीच ठरलेला असतो. भीतीच त्याचं नाव सांगते, आणि भीतीची साक्ष कधी ग्राह्य धरू नये, हे मी त्या लाल बोटांवरून शिकलो. पण शिकलो म्हणून भीती गेली नाही. भाषणभर थोरले भाऊ मास्तरांच्या पायाशी, त्यांच्याकडे पाठ करून बसले होते आणि गर्दीतला एकेक हात न्याहाळत होते. मास्तर इस्लामवर नेमकं काय बोलले, ते मला विचारू नका. मीही हातांकडेच बघत होतो.