राजाची अडीच घरं

आबा, म्हणजे माझे वडील, दोंडाईच्यात आयुष्यभर ओट्यावर बुद्धिबळ खेळले, तेही देशी नियमांनी. त्यात राजाला पहिला शह बसेपर्यंत एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. आई गेल्यापासून संध्याकाळचा तो एक डावच त्यांना घराबाहेर काढायचा. म्हणून मीच त्यांचं नाव जळगावच्या स्पर्धेत घातलं. नसता शहाणपणा.

सुट्टीभर मी त्यांच्याकडून डावाची सुरुवात घोटून घेतली. पहिलं प्यादं एकदम दोन घरं, मग घोडा, मग उंट, आणि मग कॅसलिंग: राजा दोन घरं बाजूला, हत्ती त्याच्या पलीकडे. "आते तू माले शिकाडस का?" म्हणायचे, पण शिकले.

हॉलमध्ये त्यांच्यासमोर चौथीतली एक मुलगी आली. प्यादं, घोडा, उंट, सगळं घोटल्याप्रमाणे झालं. मी दोरीमागे सुटकेचा निःश्वास टाकला. आणि आबांनी राजा उचलून टेचात अडीच घरांवर ठेवला, घड्याळही दाबलं.

मुलीने हात वर केला. पंच आले, म्हणाले, "काका, ही चाल चालत नाही."

"मना राजाले आजून शह लागेल नही. मंग का बरं नही?"

पंचांनी शांतपणे समजावलं. हात लागलाय, म्हणजे राजाच हलवावा लागेल. कॅसलिंग ही राजाचीच चाल, ती अजून चालली असती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तिथे तोंड उघडायची सोय नव्हती. ओट्यावर एव्हाना दहा जणांनी सल्ले दिले असते. आबांनी राजा एक घर सरकवला, कॅसलिंग कायमचं गेलं, कोपऱ्यातला हत्ती तिथेच अडकला, आणि पुढे त्या पोरीने त्यांना धड हलू दिलं नाही. हरल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला मात्र पंचांचा, नियमांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचे नेहमीचे एक दोस्त ओट्यावर पट घेऊन आले. चार-पाच चालींनंतर आबांनी राजा उचलला आणि हात पटावर तसाच थांबला. दोस्त म्हणाले, "टाक ना भाऊ."

आबांनी राजा होता तिथे ठेवला. "आते कोनतं खरं शे, माले समजत नही," म्हणाले आणि उठून घरात गेले.