खोली गेस्टसाठी आहे

काकूंनी चादर काठीनं उचलली.

कपडे वाळत घालायची लांब काठी. तिच्या टोकावर आमची चादर. काठी अंगापासून दूर धरून त्या मागच्या जिन्यानं उतरल्या आणि नळापाशी, माझ्या पायासमोर, चादर टाकली.

"हातानं धू. मशीनमध्ये नाही टाकायची. अन् फिनाईल घाल पाण्यात."

मी उभा. अंगात बनियन, पायात चप्पल नाही. वर गॅलरीत मुंबईचे दोघं गेस्ट चहाचे कप घेऊन उभे होते. स्वयंपाकाच्या मावशींनी मिरच्या चिरणं थांबवलं. काका दारात पेपर घेऊन उभे होते, पण वाचत नव्हते.

चादरीला काही लागलेलं नव्हतं. जबलपूरचा उन्हाळा, रात्रभर लाईट ये-जा करून राहिली होती, कूलर बंद पडत होता. घाम होता. दोन माणसांचा घाम. बस.

फिनाईल आम्ही संडासात घालतो.

मी बसलो धुवायला. खरं तेच सांगतो. लगेच नाही उठलो मी. बादलीत पाणी सोडलं, चादर बुडवली, फिनाईलची बाटली उघडली. डोक्यात एकच चालू होतं, काकूंना राग आला, आता काय होईल.

कारण माझ्यावर काकूंचे उपकार होते. हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. गोंदियाकडच्या माझ्या गावातून मी इथं आलो तेव्हा आठवीत शाळा सुटलेला पोरगा होतो. बोलताना मान खाली. कोणी जोरात हाक मारली की दाराआड. नेपियर टाउनमधल्या या घरी काका-काकूंनी ठेवून घेतलं. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. मुलगा बंगलोरला. एवढं मोठं घर रिकामं, म्हणून खोल्या काढून गेस्ट हाऊस केलं. मला टायफॉईड झाला तेव्हा काकूंनी डॉक्टरकडे नेलं, पेज करून दिली. पहिल्या थंडीत काकांचा जुना स्वेटर दिला. मराठी बोलणारा पोरगा मिळाला म्हणून त्या शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "आमचाच आहे तो, घरचाच."

घरचाच. हा शब्द ऐकला की मी दुप्पट काम करायचो.

गेस्ट हाऊसच्या काचेच्या दारावर रंगीत पट्ट्यांचं स्टिकर आहे. दादानं, म्हणजे काकांच्या मुलानं, बंगलोरहून आणून लावलं. मोबाईलवर जाहिरातीत पण त्यानं लिहिलं, सगळ्यांचं स्वागत, गे जोडप्यांचंही. काकूंना आधी कसंतरी झालं. मग बुकिंग येऊ लागलं. भेडाघाट बघायला दिल्ली-मुंबईची पोरं यायची, जोडीनं. "आमच्या शहरात एवढ्या पैशांत तर गॅरेज पण मिळत नाही आंटी," असं म्हणायची, काकूंच्या हातचे पोहे खायची, फोटो काढायची. काकू खूश. "आपल्याला काय करायचंय? गेस्ट म्हणजे गेस्ट," असं काका शेजाऱ्यांना सांगायचे. आणि मला वाटायचं, किती मोठ्या मनाची माणसं आहेत ही.

जोडी आली की पलंग मीच लावायचो. दोन सिंगल पलंग जोडायचे आणि वरून जाड गादी आडवी टाकायची, म्हणजे मधली फट अंगाला लागत नाही. पलंग लावून झाला की मी दोन मिनिटं उगाच उभा राहायचो. कोणीतरी दार लावून इथं झोपणार. कोणाला न घाबरता.

आम्हाला दार नव्हतं. मला आणि दिनेशला.

दिनेश ई-रिक्षा चालवतो. गेस्टना स्टेशनवरून आणायला यायचा, तशी ओळख झाली. मला "ए मराठी" म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला राग आला होता. आता दुसऱ्या कोणी म्हटलं तर राग येईल. तो जबलपुरातच चेरीतालला राहतो, एका खोलीत आई, भाऊ, भावजय, त्यांची पोरं. मी राहायचो गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोपटात. त्याला दाराच्या जागी पडदा. आम्ही बोलायचो ते रिक्षात. बाकी कुठं जायचं? शहरातल्या बहुतेक लॉजमध्ये लोकल आधार कार्ड बघितलं की हात वर करतात. दिनेशचं आधार चेरीतालचं.

एकदा दादाचा फोन आला, पंपाबद्दल. तो माझ्याशी नेहमी चांगलं बोलायचा. काय वाटलं कोण जाणे, मी म्हणून टाकलं.

"दादा, माझ्या सुट्टीच्या दिवशी मागची खोली मला मिळेल का? पूर्ण पैसे देतो. मी आणि एक जण."

त्यानं विचारलं, "एक जण म्हणजे?"

"म्हणजे... जसे गेस्ट येतात ना, तसेच."

दादा हसला. वाईट नाही हसला. "अरे, मग लाजतोस काय? मी इथून बुकिंग टाकतो दिनेशच्या नावानं. चिल."

मी टाकीला टेकून कितीतरी वेळ फोन हातात धरून बसलो. दादाला दिनेशचं नाव कसं माहीत, हे नंतर सुचलं. म्हणजे त्याला आधीच कळलं होतं आणि त्यानं काही वाईट म्हटलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो. कोणी थोडं जरी बरं वागलं की पाया पडायची माझी सवय.

तर त्या दिवशी पलंग मी आमच्यासाठी लावला. गादी आडवी टाकली. दिनेश दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "ए मराठी, ये तो पूरा होटल है यार." मी कडी लावली. कडी लागल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला आणि दोघंही हसलो, वेड्यासारखे. मग तो झोपला. मला वाटलं होतं खूप बोलू. तो तर घोरायलाच लागला. लाईट गेली की मी पेपरनं वारा घालायचो. मला झोप नको होती.

आता काकूंची एक रीत सांगतो. गेस्टचा सकाळचा पहिला चहा त्या स्वतः नेतात. मावशींना नाही देत, मला नाही देत. आंघोळ करून, पदर नीट करून, ट्रेमध्ये दोन कप, वाटीत बिस्किटं. पहिला चहा घरच्या बाईनं द्यावा, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या म्हणे. दादानं बंगलोरहून टाकलेलं बुकिंग काकूंच्या मोबाईलवर आलं होतं. मागच्या खोलीत दिनेश नावाचा गेस्ट, दोन माणसं. एवढंच. दादानं आईला फोन केला नाही. मला वाटलं त्यानं सांगितलं असेल. काकूंना वाटलं गेस्ट रात्री आला आहे, मी खोली उघडून दिली आहे.

दारावर टकटक झाली. मी कडी काढली.

काकू हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. "गुड मॉर्निंग बेटा," म्हणाल्या, गेस्टला म्हणतात तशा. मग त्यांनी मला बघितलं. माझ्या मागे पलंग. पलंगावर उठून बसलेला दिनेश.

मी हात पुढे केला. ट्रे घ्यायला. सवयीनं.

त्यांनी ट्रे मागे घेतला. चहातून वाफ निघत होती. वळल्या आणि ट्रे घेऊन परत गेल्या. तो चहा त्यांनी मोरीत ओतला. त्याचा आवाज मला वरपर्यंत आला.

मग काका आले. दिनेशला म्हणाले, "पिछले गेट से जाओ। अभी।" दिनेशनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. तो चप्पल हातात घेऊन गेला. घालायलाही थांबला नाही.

आणि मग ती काठी.

मी धूत होतो तेव्हा मुंबईच्या दोघांपैकी एक जण खाली आला. चांगला माणूस. आदल्या दिवशी त्यानं मला जबलपूरची खोव्याची जिलबी कुठं चांगली मिळते ते विचारलं होतं, मला पण आणून दिली होती. मला वाटलं, आता हा बोलेल. हा शिकलेला. हा आमच्यातला. काकूंना हा सांगेल.

तो माझ्याजवळ वाकला. हळू आवाजात म्हणाला, "अरे, थोडं जपून करायचं ना. असं काही झालं की आमच्यासारख्यांनाही मग खोली मिळणं अवघड होतं."

आमच्यासारख्यांना.

त्याचा जोडीदार वरून म्हणाला, "सोड ना, चल." हा गेला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं.

त्या दोघांच्या चादरी काकूंनी आदल्या दिवशीच मशीनमध्ये टाकल्या होत्या. वासाचं लिक्विड घालून. मीच तर काढून दिल्या होत्या.

तेवढ्यात काकांनी दादाला फोन लावला, स्पीकरवर. दादा घाईघाईनं बोलत होता. "बाबा, मला वाटलं तुम्ही दोघं मामाकडे गेला असाल. तुम्ही नसतानाच, असं मी त्याला समजावणारच होतो. हे बघ," आता तो माझ्याशी बोलत होता, "तुझ्याबद्दल मला काही प्रॉब्लेम नाही. पण तू स्टाफ आहेस यार. खोली गेस्टसाठी आहे. आईच्या नजरेसमोर कशाला?"

माझे हात पाण्यात होते. फिनाईलनं बोटं पांढरी पडली होती.

काका जवळ आले. आवाज मऊ केला. "हे बघ, तू गरीब घरचा, भोळा आहेस. त्या रिक्षावाल्यानं तुला बिघडवलं. बरोबर ना? एवढं म्हण. काकूंच्या पाया पड. विषय संपला. तो इकडे दिसता कामा नये, बस."

काकू पायरीवर बसल्या होत्या. डोळ्यांना पदर. "काहून केलंस रे असं? काय कमी केलं आम्ही तुला?" खरंच रडत होत्या. मला वाटलं पाया पडावं. अगदी वाटलं. पडलो असतो तर संध्याकाळी पोळी-भाजी मिळाली असती, गच्ची मिळाली असती, थंडीत स्वेटर मिळाला असता. फक्त एक वाक्य. दिनेशनं बिघडवलं.

चप्पल हातात घेऊन गेलेला दिनेश.

मी उठलो. पिळलेली चादर हातात. फिनाईलचं पाणी पायावर गळत होतं. मशीनपाशी गेलो. त्यात मुंबईवाल्यांच्या चादरी होत्या, ते अजून चालू केलं नव्हतं. आमची चादर त्यांच्यावर टाकली. झाकण लावलं. बटण दाबलं.

"काय करून राहिलास? बंद कर ते!" काकू ओरडल्या.

मी मशीनला पाठ लावून उभा राहिलो. मशीन घुर्र करून फिरायला लागलं, पाठीला थरथर लागत होती, त्यामुळे माझी थरथर कोणाला दिसली नाही. माझा आवाज फाटला होता तरी मी बोललो.

"काकू, दिनेशनं मला बिघडवलं नाही. मी बोलावलं त्याला. मी पलंग लावला. तुमचं खाल्लं, तुम्ही आजारपणात केलं, ते मी विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात हे नाही म्हणणार."

काका म्हणाले, "निघ."

मावशी मान खाली घालून परत मिरच्या चिरायला लागल्या. मी गच्चीवर गेलो, कपडे पिशवीत भरले. स्वेटर घडी करून खोपटातच ठेवला. जायचं ते पुढच्या, काचेच्या दारातून गेलो. नोकरानं तिथून जायचं नसतं.

आता मी एका मंडपवाल्याकडे काम करतो. खुर्च्या लावतो, काढतो. गोडाऊनमध्ये आम्ही सात-आठ जण झोपतो. त्या घराला शिव्या द्याव्यात असं अजूनही वाटत नाही. काकू कधी बाजारात दिसल्या की पाय आपोआप त्यांच्याकडे वळतात, पिशवी उचलायला. मग मी थांबतो. शिकून राहिलो आहे थांबायला. हळूहळू.

आणि गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. ओमती भागात एक लॉज आहे, साधं. दिनेशच्या ओळखीचा माणूस तिथं काउंटरवर बसतो. लोकल आधार चालवून घेतो म्हणाला. आम्ही गेलो. त्यानं दोन्ही आधार कार्डं बघितली, एक चेरीतालचं, एक गोंदियाचं. किल्ली खिळ्यावरून काढली. मग सहज विचारलं, "भाई हो?"

दिनेशनं माझ्या कोपराला चिमटा काढला.

मी म्हटलं, "नहीं."

"तो दोस्त?"

"नहीं. साथ में हैं."

माणसानं माझ्याकडे बघितलं नाही. किल्ली परत खिळ्यावर अडकवली. मोबाईल बघायला लागला.

बाहेर आल्यावर दिनेश रिक्षाच्या सीटवर जोरात हात आपटून म्हणाला, "एक लफ़्ज़ था, मराठी. एक! भाई बोल देता तो क्या मर जाता?"

त्याचंही बरोबर आहे. त्याला झोप हवी, कडी हवी. मलाही हवी. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आमच्याकडेच बघतो आहे असं वाटत होतं.

"मर जाता," मी म्हटलं.

तो पुढच्या सीटवर बसला. रिक्षा सुरू केली. रागातच आहे अजून. असू दे.

मी ठरवलं आहे. उद्या सुट्टी आहे, मी परत ओमतीच्या त्या लॉजवर जाणार. दिनेश आला तर दोघं, नाही आला तर एकटा, खोली दोघांसाठी मागायला. नंतर स्टेशनकडची लॉज, मग बस स्टँडची. एकेक करून सगळी. तोंड कोरडं पडलं तरी विचारणार. नाही म्हणायचा त्यांना हक्क असेल तर असू दे. पण मोबाईलकडे बघत म्हणून चालणार नाही. माझ्याकडे बघून 'नाही' म्हणावं लागेल. ते म्हणेपर्यंत मी काउंटरवरून हलणार नाही.