बाबांची कॅनव्हासची बादली

आमच्या बाबांना, म्हणजे दशरथ परबांना, त्यांची चूक दाखवायची असेल तर आधी घरातल्या फुटण्यासारख्या वस्तू उचलून ठेवाव्यात. ऐंशीच्या घरात आले तरी आवाज अजून डेकवरचाच आहे. वेंगुर्ल्याहून येऊन त्यांनी उभा जन्म मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून काढला. दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांतही ते स्वयंपाकघरात जात नाहीत, बोटीवर असल्यासारखे 'पुढे' जातात.

त्यांना चूक दाखवली ती माझ्या बायकोने. दीप्तीचं काम अजब आहे. जुन्या बोटींवर मोजलेलं समुद्राचं तापमान ती तपासून दुरुस्त करते. कुणी बादलीने पाणी वर काढून मोजायचं, कुणी इंजिनात येणारं पाणी मोजायचं. बादलीतलं वाऱ्यावर निवतं, इंजिनातलं जरा तापतं. हा फरक काढल्याशिवाय समुद्र खरोखर किती तापलाय ते कळत नाही. त्या नोंदींच्या ढिगाऱ्यात तिला बाबांची बोट सापडली.

"बाबा, तुमचे आकडे इतरांपेक्षा गार आहेत," ती म्हणाली. "तेही चाललं असतं, सरसकट वाढवून घेतले असते. पण त्र्याऐंशी साली मध्येच काही महिने ते एकदम बरोबर येतात. कशामुळे ते कळत नाही, म्हणून आमचे साहेब म्हणतायत, ही बोटच वगळा."

"वगळा?" बाबा उठलेच. "बादली मी खेचलंय, आणि वगळतलो तुजो सायब?"

तेव्हापासून ते जेवताना ताट अर्धवट टाकून उठू लागले. वादळवाऱ्यात उभं राहून मोजलेलं सगळं कुणीतरी केरात टाकणार, हे त्यांना फार लागलं होतं. मला दीप्तीचा राग आला, बाबांचाही आला. शेवटी म्हटलं, धुसफूस पुरे, मोजून दाखवा.

रविवारी मनोरीला गेलो. ओळखीच्या खंडूची होडी होती आणि वारा झकास होता. बाबांनी हट्टाने शिवून घेतलेली कॅनव्हासची बादली दोरीने सोडली, भरून वर घेतली, तिच्यात थर्मामीटर बुडवला. हात अजून सराईत आहेत, हे मान्य करायलाच हवं. दीप्तीने दुसरा थर्मामीटर थेट समुद्रात सोडला. मग बाबांनी थर्मास उघडला, चहा ओतला आणि फुंकर घालत निवांत प्यायला सुरुवात केली.

"बाबा, आकडा वाचा ना!"

"थांब गो. पारो बसाक नको? एक चाय होईसर ठेवचा, मगे वाचूचा. बोटीर मी असाच करी."

चहा संपेपर्यंत बादलीतलं पाणी समुद्रापेक्षा अर्धा अंश गार झालं होतं. दीप्ती कपाळावर हात मारून हसत सुटली. मी हसलो, खंडूही हसला. बाबांचा चेहरा मात्र पडला.

"म्हणजे सगळा चुकला?"

"अहो, दर वेळी सारखंच चुकलंय, म्हणून तर दुरुस्त करता येईल! पण मग त्र्याऐंशीत काय झालं? तेव्हा लगेच कसं वाचलंत?"

बाबांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"तेवा मी चाय पी नाय होतंय," ते म्हणाले. "घरसून तार इलेली, निलेशाक न्यूमोनिया झालो म्हणान. भर दर्यात मी काय करतलंय? गावच्या वेतोबाक नवस बोललंय, पोराक डोळ्यांनी बघीसर चाय नको. मगे थांबान तरी काय करतलंय? पारो थांबलो, की वाचलंय."

तो निलेश मी. बाबांना माझ्यापेक्षा बोट प्यारी होती, असं मी दीप्तीला लग्नापासून ऐकवत आलोय. चहाशिवाय ज्या माणसाचं पान हलत नाही, त्याने माझ्यासाठी महिनोन्‌महिने तो सोडला होता, आणि घरी येऊन कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. माझे डोळे भरून आले, ते लपवता येईनात.

"ते महिने आहेत तसेच ठेवते, बाबा," दीप्ती हळूच म्हणाली. "त्यांना हात लावायचा नाही. आणि बोटही राहणार."

बाबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून खेकसले, "रडतंस कित्याक? आता बरो आसस मा?"